फक्कीचं घर

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे रुळांना धरून एक गल्ली जाते. तिच्या टोकाला पुंडलिक औताड्यांचं घर आहे, असं निदान पुंडलिकराव तरी सांगायचे. बघणाऱ्याला तिथं एक मोकळा प्लॉट, कडेला कडुनिंब, एक कढीपत्ता आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं मारलेल्या रेघा एवढंच दिसायचं. त्या रेघांना पुंडलिकराव भिंती म्हणत. रेघ जिथं तुटलेली होती, तिथं दार. गल्लीतले लोक आधी तोंडावर पदर आणि रुमाल धरून हसले. मग त्यांनाही सवय झाली. शेजारची सुलेखा प्लॉटवरच्या कढीपत्त्याची काडी तोडायला आली की आपसूक वळसा घालून दारातून आत यायची, आणि जाताना दारातूनच बाहेर पडायची.

पुंडलिकरावांची हयात पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून गेली. मूळचे फुलंब्रीकडचे, मिसरूड फुटायच्या वयात शहरात आले, आणि खांद्यावर लोखंडी चावी घेऊन सायकलवर जे फिरायला लागले ते थेट निवृत्तीलाच थांबले. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे व्हॉल्व्हमन म्हणजे जावयापेक्षा जास्त वाट बघितला जाणारा माणूस. पुंडलिकराव गल्लीच्या तोंडाशी वाकले, चावी फिरली, की आत घराघरांतून भांड्यांचा आवाज उठायचा. त्या आवाजाचं त्यांना फार सुख होतं. ते सायकलला टेकून थोडा वेळ ऐकत उभे राहायचे.

आणि उभं राहिलं की घरं दिसायची. माणूस पाहुणा म्हणून जातो तेव्हा त्याला आवरलेलं घर दिसतं. पाण्याच्या वेळी घर जसं आहे तसं दिसतं, सगळी दारं सताड उघडी, आतली माणसं घागरी-बादल्यांच्या नादात. गुलमंडीच्या मागे एका घराला रंगीत काचांची खिडकी होती. सकाळच्या उन्हात तिचा लाल-हिरवा उजेड भिंतीवर पडायचा. पदमपुऱ्यात एका ओट्याचा दगड इतका गुळगुळीत झालेला की हात फिरवावासा वाटे. गारखेड्यात एका म्हाताऱ्यानं न्हाणीघराच्या छताला आकाश दिसायला भोक ठेवलं होतं. असं एकेक उचलत उचलत पुंडलिकरावांनी मनात एक घर रचलं. ते घर त्यांच्याबरोबर सायकलवर असायचं. चढ लागला की ते त्यात शिरायचे, आणि चढ कधी संपला हे त्यांना कळायचं नाही.

बाकी संसार मात्र भाड्याच्या खोल्यांत झाला. मनकर्णाबाईंनी किती मालकिणी पाहिल्या असतील त्याला गणती नाही. भिंतीला खिळा ठोकू नका, दारात पाणी सांडू नका, पाहुणे जास्त दिवस ठेवू नका. त्या मुकाट्यानं ऐकायच्या आणि पुढच्या खोलीत गेल्यावर पुन्हा तेच ऐकायच्या. त्यांना घराबद्दल काय वाटतं हे कुणी कधी विचारलं नाही. पुंडलिकरावांनीही नाही. त्यांना वाटायचं, आपल्या मनात आहे तेच तिच्या मनात असणार.

मुलगा सुदर्शन शिकला, पुण्याला कंपनीत लागला, तनुजाशी लग्न झालं, एक मुलगी झाली. पुंडलिकरावांनी हा प्लॉट घेतला त्या वर्षी सुदर्शन फोनवर म्हणाला होता, की आपलं घर झालं म्हणजे मी इकडंच बदली मागतो, तिथं जवळच शेंद्र्याला आमच्या कंपनीचं काम निघणार आहे. पोरगं बोलून गेलं. बापानं ते वाक्य उराशी धरलं. घर झालं की सुदर्शन येणार, एवढं साधं गणित होतं. त्यासाठी पुंडलिकरावांनी नकाशात पूर्वेचा कोपरा त्याच्या खोलीला दिला. खिडकी कडुनिंबाकडे. सगळ्यांत मोठी खोली तीच.

दसऱ्याला भूमिपूजन झालं. पुंजाराम नावाचा ठेकेदार आला, नारळ फुटला, पहिली कुदळ पडली. पुंजारामनं नकाशा उलगडून दोऱ्या बांधल्या आणि फक्की सोडत सोडत सगळ्या घराची आखणी करून दिली. सोमवारी पाया खोदायला माणसं पाठवतो म्हणाला. पेढा खाल्ला, आणि गेला तो गेलाच. त्याला बायपासला मोठ्या इमारतीचं काम मिळालं होतं. फोनवर तो गोड बोलायचा. येतोच मामा, तुमचंच काम डोक्यात आहे, म्हणायचा. डोक्यात असेलही. प्लॉटवर काही आलं नाही.

मग दुसऱ्याचा शोध सुरू झाला आणि पुंडलिकरावांना कळलं, की आपण घर बांधायला निघालो ते फार उशिरा. शहरात घरं बांधू बघणारी माणसं पोत्यानं आहेत, बांधणारे हात कुठं आहेत? जुने गवंडी गुडघे धरून घरी बसलेले, त्यांची पोरं पार्सलं पोचवतात नाहीतर मॉलच्या दारात गळ्यात शिट्टी घालून उभी राहतात. थापी हातात धरायला कुणी तयार नाही. सेंट्रिंगवाले परप्रांतातले, ते गावाकडे लग्नाला गेले की लग्न संपतं पण ते परतत नाहीत. सकाळी मजूर अड्ड्यावर जावं तर मोठ्या साइटचे टेम्पो आधीच हजर. एका ठेकेदारानं अक्षय तृतीयेनंतर या म्हटलं, कुठल्या वर्षीच्या ते सांगितलं नाही. एक जण आला, चहा प्याला, चहाची तारीफ केली, पुन्हा दिसला नाही. पूर्वी गवंडी मालकाच्या दारी कामाला यायचा. आता मालक गवंड्याच्या दारी जाऊन त्याच्या रक्तदाबाची विचारपूस करतो.

इकडे रेघांना वारा लागला. शेळ्या आल्या, पोरं धावली, आणि फक्की पुसट झाली. मनकर्णाबाईंनी एका सकाळी फक्कीची पाटी आणली आणि रांगोळी घालावी तशा चिमटीतून रेघा परत भरल्या. हात रांगोळीचा, तेव्हा रेघ सुरेख आली. पुंडलिकरावांनी कौतुकानं बघितलं. त्यानंतर ते काम बाईंचंच झालं. वारा सुटला की रेघा जायच्या, आणि दुसऱ्या सकाळी मनकर्णाबाई वाकून घर परत उभं करायच्या.

आणि मग ती दोघं त्यात राहायलाच लागली. म्हणजे झोपायला समोरच्या भाड्याच्या खोल्या होत्या, पण उन्हं उतरली की दोघं आपल्या घरी यायची. चपला दाराबाहेर. मनकर्णाबाई स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायच्या. पुंडलिकराव बैठकीत गोणपाटावर बसून तिथूनच विचारायचे, चहा झाला का, आणि किटलीतला चहा स्वयंपाकघरातून दारानं बैठकीत यायचा. एकदा एक शेळी सरळ न्हाणीघराच्या भिंतीतून आत घुसली, तर मनकर्णाबाईंना राग शेळीचा नाही आला, ती भिंतीतून आली याचा आला. अशा वेळी पुंडलिकरावांना घर आहे की नाही असा प्रश्नच पडायचा नाही. उन्हं कलली की कडुनिंबाची सावली रेघांवर चढायची आणि भिंती खरंच वर येतायत असं वाटायचं. संध्याकाळची गाडी मुकुंदवाडी सोडून जायची, तिच्या खिडक्यांचे उजेड देवघरातून, माजघरातून सरकत जायचे, आणि पुंडलिकराव डोळे अर्धे मिटून ते बघत राहायचे. सगळ्या जन्मात इतकं सुखाचं असं काही त्यांनी अनुभवलं नव्हतं, हे त्यांना कुणाजवळ तरी सांगावंसं वाटायचं.

शेवटी ते सुदर्शनच्या खोलीत जायचे. तिथं पलंग कुठं ठेवायचा हा रोजचा विषय. आधी खिडकीखाली ठेवला. मग ऊन डोळ्यांवर येईल म्हणून आतल्या भिंतीला लावला. नातीला अभ्यासाला टेबल ठेवलं होतं, ते पुढं काढून टाकलं, कारण अडचण व्हायला लागली. कपाट भिंतीत करू म्हणाले. उन्हाळ्यात त्यांना वाटलं, पलंग तरी कशाला, खाली गादी बरी, गारवा लागतो. मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायच्या आणि हं म्हणायच्या.

दिवाळीला सुदर्शन, तनुजा आणि नात येऊन गेली होती. पुंडलिकरावांनी त्याला हाताला धरून सगळं घर दाखवलं. छान आहे बाबा, म्हणाला. त्याला सतत फोन येत होते, मोठ्या हुद्द्यावर आहे, येणारच. पुढंही तो दर रविवारी फोन करायचा. मिस्त्री मिळत नाही म्हणून पुंडलिकराव कासावीस होऊन सांगायचे. तो म्हणायचा, होऊ द्या सावकाश, घाई काय आहे. पुंडलिकरावांना वाटायचं, पोरगा किती समजूतदार.

पावसाळा सरल्यावर पुंडलिकरावांना जहांगीर मिस्त्री आठवले. शहागंजच्या मागे राहणारे, एके काळी या शहरातले नावाजलेले गवंडी. त्यांच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बरीच वर्षं पुंडलिकरावांकडे होता. गेले तर मिस्त्री खाटेवर पाय लांब करून बसलेले, गुडघ्याला पट्टा. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. एकटा माणूस काय करणार, म्हणाले. माल कालवायला कुणी नाही, हाताखाली कुणी नाही. मुलगा फरदीन पार्सलं पोचवतो, त्याला सिमेंटचा वासही नको. आणि अर्धं टाकलेलं काम आपल्या नावावर नको. पुंडलिकराव उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून मिस्त्री म्हणाले, "भाऊ, रमजान में तुमने तड़के सहरी का पानी कब्भी चुकाए नहीं. काम नाय होणार माझ्याच्यानं. पण येतो. तिथंच येऊन सांगतो तुमाला."

नाही म्हणायचं ते सुद्धा जागेवर जाऊन म्हणायचं, ही जुन्या मिस्त्र्यांची रीत. मालकानं घर मनात धरलेलं असतं, त्याला दुसरीकडे उभं राहून नकार देऊ नये असं ते मानतात.

एका सकाळी फरदीननं त्यांना मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि तो आपल्या फेऱ्यांना निघून गेला. मिस्त्री गल्लीत उभे राहून रेघांकडे बघत राहिले. मनकर्णाबाई आत स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि या म्हटलं. जहांगीर मिस्त्री काठी टेकत कडेकडेनं चालले, वळसा घालून दारापाशी आले, आणि चपला काढून आत आले. आल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आपण काय केलं ते. ते स्वतःशीच हसले. नकार द्यायला आलेला माणूस चपला काढून घरात शिरला, आता बोलणार काय? ते गोणपाटावर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, बघू तरी लाइन बरोबर आहे का.

पिशवीतून टेप आणि दोरी निघाली. नकाशा पुंडलिकरावांनी तयारच ठेवला होता. बैठक जमली. देवघर जमलं. स्वयंपाकघराशी मिस्त्री थबकले, नकाशा बघितला, परत मोजलं. मग पूर्वेच्या कोपऱ्यात गेले आणि तिथं बराच वेळ वाकून राहिले.

"भाऊ, हे काय, सामानाची खोली का?"

पुंडलिकराव म्हणाले, ती माझ्या मुलाची खोली.

मिस्त्रींनी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं टोक पलीकडच्या रेघेला लावलं. तिथं पलंग मावला नसता. माणूस आडवा झाला असता तर त्याचे पाय भिंतीला लागले असते. जेवढं या खोलीचं गेलं होतं तेवढं स्वयंपाकघरात आलं होतं. पुंडलिकरावांचा पारा चढला. पुंजारामला ते नाही नाही ते बोलले. पेढे खाऊन गेला आणि लाइन अशी मारून गेला, वर्षभर आम्ही आंधळ्यासारखे यात बसतोय, म्हणाले. मिस्त्रींनी वाकून रेघेकडे बघितलं. वर्षभराची रेघ कुणाच्या हातची आहे हे त्यांना चिमटीवरून कळलंच असेल.

"पुंजारामनं बरोबर आखली व्हती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी सरकवली."

पुंडलिकरावांनी हातातलं टेपचं टोक खाली ठेवलं.

"दिवाळीला आला व्हता ना. तुमी त्याला हितं उभं करून खिडकी दाखवत व्हता. त्याला फोन आला. बोलत बोलत तो भिंतीतून निघून गेला. शेजारची सुलेखा दारातून येती. परकी लेकरं दारातून येत्यात. अन् आपला पोरगा स्वतःच्या खोलीच्या भिंतीतून गेला, त्याला कळलं बी नाय. तवाच मला समजलं, हा काय हितं राहायला येत नाय."

"मग मला सांगायचं."

"काय सांगू? तुमी रोज तिथं त्याचा पलंग हलवत व्हता. एकदम पाडली असती तर तुमाला लई लागलं असतं. म्हून जरा जरा सरकवली."

पुंडलिकराव कडुनिंबाखाली जाऊन बसले. आधी त्यांना राग आला, सुदर्शनचा आला, बायकोचा आला, आणि मग कुणाचाच टिकला नाही. टेबल आपणच काढलं होतं. पलंग आपणच फिरवला, आपणच काढून टाकला. खोली लहान होतेय हे पायांना ठाऊक होतं आणि ते पाय आपलेच होते. होऊ द्या सावकाश, म्हणजे काय, हेही आता कळलं. डोळे भरून आले तसे त्यांनी ते येऊ दिले. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण त्यातच कुठं तरी हेही वाटत होतं, की ही बाई वर्षभर पहाटे उठून, वाकून, चिमटीचिमटीनं आपल्याला जपत होती. आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

जहांगीर मिस्त्री उगीच दोरी गुंडाळत, उलगडत बसले होते. घरच्या माणसांच्या मध्ये परक्यानं बसू नये, पण गुडघ्यामुळे त्यांना चटकन उठताही येईना. खूप वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, अब बोलो. पाया कसा धरायचा? नकाशासारखा, का भाभींच्या लाइनीवर?"

म्हणजे मिस्त्री काम घेत होते. इतके दिवस ज्या वाक्यासाठी पुंडलिकराव उन्हातान्हात हिंडले, ते वाक्य असं आलं. त्यांना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण आधी सुदर्शनला फोन लावू.

ते उठले, डोळे पुसले, आणि दारानं आत आले. पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी एकदा खिडकीच्या जागेकडे बघितलं.

"ही खोली काढून टाका मिस्त्री," ते म्हणाले. "स्वयंपाकघर हिच्या लाइनीवरच ऱ्हाऊ द्या, अन् इथं ओसरी करा, निंबाकडं तोंड करून, जरा पुढं काढून. चांगली खाट बसंल अशी. पाव्हणे आले तर टेकायला जागा पायजे."

आपल्या पोराला पाहुणा म्हणायची जिभेला सवय नव्हती, ती आता करावी लागणार होती. मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

मिस्त्री म्हणाले, इंजिनियरकडून नकाशा बदलून घ्यावा लागेल. आणि काम सावकाश होईल, मी एकटा, तेही सकाळचं ऊन आहे तोवर. माल कालवायला तुम्हीच लागाल भाऊ. पुंडलिकराव म्हणाले, लागतो. हाताखाली माणूस नव्हताच, तेव्हा दोरीचं एक टोक पुंडलिकरावांनी धरलं, दुसरं मनकर्णाबाईंनी, आणि मिस्त्री मधून फक्की सोडत गेले. ओसरीची रेघ पडली. मग ते स्वयंपाकघराशी आले.

दोरी सोडून पुंडलिकराव बायकोसमोर येऊन उभे राहिले. घराबद्दल त्यांनी तिला काही विचारायची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ते जरा अडखळले.

"अगं, ओटा किती उंच पायजे तुला?"

मनकर्णाबाईंना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. भाड्याच्या खोल्यांत ओटा असेल तेवढा असायचा, कुठं पोटाला लागायचा, कुठं पाठ मोडायची. त्या आपल्या स्वयंपाकघरात मधोमध उभ्या राहिल्या, पाठ ताठ केली, आणि पोळी लाटायला हात जिथं सुखानं टेकेल तिथं, हवेत, तळवा आडवा धरला. जहांगीर मिस्त्रींनी गुडघा सावरत खाली बसून जमिनीपासून त्या तळव्यापर्यंत टेप लावला.